क्षारपड जमिनीतील जैवइंधन गवत दरवर्षी त्याच जागी का मरते?

जैवइंधनासाठी लावलेल्या बहुवार्षिक गवताबाबत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. पहिल्या हंगामात लागवड समाधानकारक दिसते, दुसऱ्या वर्षी ठरावीक ठिकाणी गवत खुजे राहते आणि तिसऱ्या वर्षी तिथे उघडी जमीन दिसू लागते; नांग्या भरल्या तरी नवी रोपे एका कोरड्या हंगामापलीकडे टिकत नाहीत. अशा वेळी पहिला प्रश्न विचारला जातो तो अधिक क्षारसहनशील वाण कोणता, हा. माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारावा. एकाच जागी वारंवार मरणाऱ्या गवतामागे बहुतेक वेळा त्या जागेतील पाण्याची हालचाल असते, आणि ती न समजता वाण बदलला तर अपयश एक-दोन वर्षे पुढे सरकते, इतकेच.

आधी लक्षणे नीट पाहावीत

क्षारांचा परिणाम गवतावर दोन टप्प्यांत होतो आणि दोन्ही टप्पे वेगळे दिसतात. मुळांभोवतीच्या पाण्यात क्षार वाढले की त्या पाण्याचा तर्षण दाब वाढतो, मुळांना पाणी ओढणे जड जाते आणि नव्या पानांची वाढ लगेच मंदावते. या टप्प्यात पाने जळत नाहीत. गवत फक्त बुटके, गडद निळसर-हिरवे आणि तहानलेले दिसते, मात्र माती हाताला ओली लागते. दुसरा टप्पा काही आठवड्यांनी येतो. बाष्पोत्सर्जनाच्या प्रवाहाबरोबर सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जातात, पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पोकळ्यांत, ते सामावेनासे झाले की जुन्या पानांची टोके आणि कडा करपतात, आणि जुनी पाने मरण्याचा वेग नवी पाने येण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की फुटवा संपतो.

म्हणून करपा जुन्या पानांवर आहे की नव्या, हे प्रथम पाहावे. तो जुन्या पानांपासून वर चढत असेल तर सोडियम-क्लोराइडचा संशय योग्य आहे. कोवळी पाने नीट उलगडत नसतील, त्यांची टोके चिकटलेली किंवा वाळलेली असतील, तर जास्त सोडियममुळे कॅल्शियमचे शोषण बिघडले असण्याची शक्यता तपासावी. सर्व वयांच्या पानांवर सारखेच डाग असतील तर तुषार सिंचनाचे खारे पाणी थेट पानांवर सुकत आहे का, हे पाहावे. त्या वेळी मातीचा दोष मुळीच नसू शकतो.

पानांइतकेच जमिनीच्या पृष्ठभागाकडेही लक्ष द्यावे. पांढरा, भुसभुशीत थर विरघळलेल्या क्षारांकडे, म्हणजे क्षारयुक्त जमिनीकडे बोट दाखवतो. काळसर, चकचकीत, वाळल्यावर दगडासारखा कडक होणारा आणि पाणी साचवून ठेवणारा पृष्ठभाग चोपण, म्हणजे जादा सोडियम असलेल्या, जमिनीचा असतो. तिथला काळेपणा सेंद्रिय पदार्थ विरघळून वर आल्यामुळे असतो, सुपीकतेमुळे नव्हे. या दोन प्रकारांचे उपाय इतके वेगळे आहेत की एकाचा उपाय दुसऱ्याला लावल्यास जमीन आणखी बिघडू शकते.

लागवड कशापासून झाली आहे, यावरूनही बराच बोध होतो. जैवइंधन गवतांपैकी मिस्कँथस गिगँटियस हा वंध्य त्रिगुणित संकर आहे आणि तो मूलक्षोडाच्या, म्हणजे जमिनीखालच्या आडव्या खोडाच्या, तुकड्यांपासून लावला जातो. त्यामुळे शेतातील सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या एकच असतात, आणि एका भागात ती मरत असतील तर कारण मातीत, पाण्यात किंवा बेण्याच्या प्रतीत शोधावे लागते. स्विचग्रास मात्र परपरागित असून बियांपासून लावले जाते, त्यामुळे प्रत्येक झाड थोडे वेगळे असते. तिथे खराब जागेत एखादे जोमदार झाड दिसले, तर त्या बिंदूवर क्षार कमी आहेत की ते झाडच अधिक सहनशील आहे, हे केवळ पाहून ठरवता येत नाही. त्याच्या बुडाची माती तपासावी लागते.

अहवालातील आकडा कोणत्या पद्धतीचा आहे?

चुकीच्या निदानांचे सर्वांत मोठे कारण येथे आहे. गवतांच्या सहनशीलतेचे प्रकाशित आकडे जवळपास नेहमी संपृक्त लगद्याच्या, म्हणजे पाण्याने जेमतेम संपृक्त केलेल्या मातीच्या, अर्काच्या विद्युतवाहकतेत (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) दिलेले असतात, तर अनेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि पाच भाग पाणी, किंवा एक भाग माती आणि दोन भाग पाणी, या मिश्रणाची वाहकता देतात. पाणी जास्त घातल्याने हा आकडा अर्थातच बराच कमी येतो. एकास पाच मिश्रणाचा आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यात बदलण्यासाठी पोयट्याच्या जमिनीत ढोबळमानाने १० ने, भारी चिकण जमिनीत ६ ते ७ ने आणि वाळूमय जमिनीत १४ किंवा त्याहून अधिक अंकाने गुणावे लागते. अहवालात ०.८ डेसिसायमन प्रति मीटर (वाहकतेचे एकक) लिहिले आहे म्हणून जमीन निर्धोक मानली जाते. प्रत्यक्षात पोयट्याच्या जमिनीत ती ८ च्या आसपास असते, म्हणजे क्षारयुक्त जमिनीच्या रूढ मर्यादेच्या दुप्पट. ही ४ डेसिसायमनची मर्यादा, तसेच चोपण जमिनीसाठीची विनिमययोग्य सोडियमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या धनायनांतील सोडियमच्या वाट्याची) १५ टक्के आणि सामूची (pH) ८.५ ही मर्यादा, कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथील अमेरिकी क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये रूढ केली.

याच्या उलट चूकही होते. जमिनीत मुळात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, असेल तर अर्क काढताना ते विरघळते आणि वाहकता वाढवून दाखवते. अशा जमिनीत झाडे साधारण २ डेसिसायमन अधिक आकड्यापर्यंत तग धरतात, असे सहनशीलतेच्या कोष्टकांतच गृहीत धरलेले आहे. जिप्सम असलेल्या जमिनीचा ७ हा आकडा पाहून लागवड मोडून टाकणे हे घाईचे ठरेल.

नमुना वरच्या १५ सेंटीमीटरपुरता घेऊन भागत नाही. ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटीमीटर असे चार थर मेलेल्या जागेतून आणि शेजारच्या चांगल्या जागेतून वेगवेगळे घ्यावेत, आणि शक्यतो दीर्घ कोरड्या काळाच्या शेवटी घ्यावेत, कारण मोठ्या पावसानंतर वरचा थर काही काळ धुतलेला असतो. या चार आकड्यांच्या उतरंडीवरून क्षारांचा मार्ग कळतो. वाहकता पृष्ठभागाशी सर्वाधिक आणि खाली कमी असेल, तर भूजल उथळ असून केशाकर्षणाने क्षार वर येत आहेत आणि बाष्पीभवनाने वरच साचत आहेत. वाहकता खोलीबरोबर वाढत जात असेल, तर पाणी खाली जात आहे, पण दिलेल्या पाण्यातील क्षार मुळांच्या खालच्या भागात गोळा होत आहेत. पहिल्या स्थितीत निचरा हवा, दुसऱ्यात धुण्याचे पाणी. पहिल्या स्थितीत निचऱ्याशिवाय जास्त पाणी दिले तर भूजल आणखी वर येते.

चोपणपणाची घरगुती चाचणी सोपी आहे. वाळलेल्या मातीचा वाटाण्याएवढा खडा पावसाच्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडावा आणि न हलवता काही तास ठेवावा. खड्याभोवती दुधाळ वलय पसरले तर चिकणकण सोडियममुळे सुटे होत आहेत. ही चाचणी सिंचनाच्या खाऱ्या पाण्यात केली तर तिच्यावर विश्वास ठेवू नये, कारण खारे पाणी कणांना एकत्र धरून ठेवते आणि चोपण माती निर्दोष भासते. नेमके हेच शेतातही घडते. क्षारयुक्त-चोपण, म्हणजे दोन्ही दोष असलेली, जमीन क्षार असेपर्यंत पाणी मुरवते. मोठा पाऊस किंवा गोडे पाणी क्षार धुऊन नेते, सोडियम मागे राहतो, कण सुटे होतात आणि जमीन बंद होते. ‘पाणी देऊन क्षार धुतले, तेव्हापासून गवत अधिकच बिघडले’ ही तक्रार ऐकू आली की हे कारण सर्वांत आधी तपासावे.

क्षार आणि दलदल एकत्र असतील तर

सखल जागेत गवत मरते तेव्हा दोष केवळ क्षारांवर टाकणे अपुरे असते. सोडियम बाहेर ठेवण्यासाठी आणि पोटॅशियम आत राखण्यासाठी मुळांना ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा श्वसनातून मिळते. पाणी साचून मातीतील प्राणवायू संपला की मुळांची ही निवडक्षमता ढासळते आणि खोडा-पानांकडे जाणारा सोडियम झपाट्याने वाढतो. त्यामुळे निचऱ्याच्या जागेत सहज सोसलेली क्षारता दलदलीत मारक ठरते. कुंड्यांतील चाचण्यांत, जिथे निचरा उत्तम असतो, सहनशील ठरलेले गवत शेतात टिकत नाही, यामागचे हे एक मोठे कारण आहे.

मेलेल्या जागेत २ मीटर खोल भोक पाडून त्यात छिद्रे असलेला पाइप बसवावा आणि पाण्याची पातळी वर्षभर नोंदवावी. कोरड्या काळातही ती दीड मीटरच्या आत राहत असेल तर मी तिथे नवे बेणे लावण्याचा सल्ला देणार नाही. पाणी कुठून येते, वरच्या अंगाच्या कालव्यातून किंवा तळ्यातून पाझरते की खालचा थर अभेद्य आहे, हे शोधून आडवा चर किंवा भूमिगत निचरा काढणे, आणि निचऱ्याचे खारे पाणी दुसऱ्याच्या जमिनीवर न सोडता त्याची सोय लावणे, हे काम गवताच्या आधीचे आहे.

खोल मुळांचे बहुवार्षिक गवत स्वतःच भूजल खाली खेचते, म्हणून निचरा काढण्याची गरज नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्याचा पहिला भाग खरा आहे. परंतु मुळे पाणी घेतात आणि बहुतांश क्षार मागे ठेवतात. वरून क्षार धुऊन नेणारे पाणी नसेल तर खाऱ्या भूजलावर वाढणाऱ्या गवताच्या मूळक्षेत्रात क्षार दरवर्षी साचत जातात. पहिली दोन-तीन वर्षे उत्तम आणि नंतर सर्व शेतभर हळूहळू उतरती वाढ, असे चित्र असेल तर याच साठवणीचा संशय घ्यावा.

गवत क्षार शोषून जमीन सुधारेल का?

याचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते. १ डेसिसायमन वाहकतेच्या पाण्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. असे पाणी वर्षात ५०० मिलिमीटर दिले, तर हेक्टरी ५,००० घनमीटर पाण्याबरोबर सुमारे ३.२ टन क्षार शेतात येतात. गवताचे हेक्टरी १५ टन कोरडे वजन कापून नेले आणि त्यात सोडियम व क्लोराइड मिळून १ टक्का धरले, तर बाहेर जातात १५० किलो. ५ टक्के धरले, जे खाऱ्या जागेतील खास गवतांनाच शोभेल, तरी आकडा पाऊण टनाच्या पुढे जात नाही. गवताचा जमिनीला होणारा खरा लाभ वेगळा आहे: मुळांनी पाडलेल्या वाटा, पृष्ठभागावरील सावलीने कमी झालेले बाष्पीभवन आणि वाढलेले सेंद्रिय कर्ब यांमुळे पाणी खाली जाऊ लागते, आणि क्षार ते पाणी नेते.

धुण्यासाठी किती जादा पाणी लागेल, याचे प्रचलित सूत्र असे आहे: सिंचनाच्या पाण्याची वाहकता भागिले, जमिनीच्या अपेक्षित वाहकतेच्या पाचपटीतून पाण्याची वाहकता वजा केलेली संख्या. पाणी २ डेसिसायमनचे आणि जमिनीचे लक्ष्य ५ असेल, तर २ भागिले २३, म्हणजे दिलेल्या पाण्यापैकी सुमारे ९ टक्के मुळांच्या खाली गेले पाहिजे. लागवडीपूर्वी साचलेले क्षार एकदाच धुवायचे असतील, तर ३० सेंटीमीटर मातीमधून ३० सेंटीमीटर पाणी गेल्यावर विरघळणाऱ्या क्षारांपैकी साधारण ८० टक्के निघून जातात, आणि सलग पाणी साठवण्याऐवजी थांबून थांबून दिले तर त्याहून कमी पाणी पुरते.

चोपण जमिनीत धुण्याआधी जिप्सम हवे, कारण त्यातील कॅल्शियम कणांवरील सोडियमची जागा घेते. ३० सेंटीमीटर थरातून प्रति किलो मातीमागे १ सेंटिमोल विनिमययोग्य सोडियम हटवण्यासाठी हेक्टरी सुमारे सव्वातीन ते पावणेचार टन शुद्ध जिप्सम लागते. धनायन विनिमय क्षमता, म्हणजे असे धनायन धरून ठेवण्याची मातीची क्षमता, किलोमागे ३० सेंटिमोल असलेल्या जमिनीत सोडियमचे प्रमाण २५ वरून १० टक्क्यांवर आणायचे, तर साडेचार सेंटिमोल हटवावे लागतात आणि गरज १५ ते १७ टनांपर्यंत जाते. त्यामुळे सर्व शेताला सारखी मात्रा न देता मेलेल्या जागा मोजून फक्त तिथेच पुरेशी मात्रा देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मूठ-मूठ जिप्सम सगळीकडे पसरल्याने कुठेच काही होत नाही.

नांग्या भरताना

स्थिरावलेल्या झाडाची सहनशीलता आणि बीजाची किंवा कोवळ्या रोपाची सहनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्विचग्रासचे बारीक बी सुमारे १ सेंटीमीटर खोलीवर पेरतात, म्हणजे जिथे बाष्पीभवनाने क्षार सर्वाधिक साचतात त्याच थरात. त्याच शेतात मोठ्या झाडाची मुळे मात्र खालच्या, कमी खाऱ्या थरातून पाणी घेत असतात. उगवण फसली की क्षारांना दोष देण्यापूर्वी त्याच बियांचा थोडा भाग स्वच्छ ओल्या कागदावर रुजवून पाहावा, कारण स्विचग्रासच्या ताज्या बियांत सुप्तावस्था बरीच असते. कागदावरही उगवण होत नसेल तर दोष जमिनीचा नाही.

पेरणी क्षार धुतल्यानंतर लगेच, वरचा थर ओला असताना करावी. सरी-वरंब्यावर लागवड असेल तर वरंब्याचा माथा टाळावा. सरीतले पाणी माथ्याकडे झिरपते आणि क्षार तिथेच सोडून उडून जाते, म्हणून रोप वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेजवळ, असावे. नांग्या बियांनी भरण्यापेक्षा मुळे फुटलेल्या ठोंबांनी भरणे चांगले, आणि मिस्कँथसच्या बाबतीत मोठे, ताजे मूलक्षोड निवडणे चांगले, कारण साठवलेल्या अन्नावर रोपाला वरच्या खाऱ्या थराखाली मुळे नेण्याइतका अवधी मिळतो.

आता वाणाचा प्रश्न

मास आणि हॉफमन यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक पिकाचे दोन आकडे असतात: ज्या वाहकतेपर्यंत उत्पादन घटत नाही तो उंबरठा, आणि त्यापुढे प्रत्येक डेसिसायमनला होणारी टक्केवारीतील घट. पुढे विस्तारत गेलेल्या कोष्टकांत उसाचा उंबरठा १.७ आणि घट ५.९ टक्के आहे. ज्वारीचा उंबरठा ६.८ आणि घट १६ टक्के. टॉल व्हीटग्रासचा उंबरठा ७.५ आणि घट ४.२ टक्के. केवळ उंबरठा पाहणाऱ्याला ज्वारी उसापेक्षा कितीतरी कणखर वाटेल. पण १० डेसिसायमनला हिशेब केला तर ज्वारीची घट ५१ टक्के, उसाची ४९ टक्के आणि व्हीटग्रासची फक्त साडेदहा टक्के येते. (ज्वारीचा हा आकडा धान्याचा आहे, ताटांच्या वजनासाठी तो जसाच्या तसा वापरू नये.) क्षारता शेतभर कमी-जास्त असते, म्हणून उंबरठ्याइतकाच घटीचा उतार महत्त्वाचा. शिवाय ही सर्व घट सापेक्ष आहे. मूळचे भरघोस गवत निम्म्यावर आले तरी मूळच्या तुटपुंज्या पण सहनशील गवतापेक्षा अधिक टन देऊ शकते, त्यामुळे तुलना टनांत करावी.

स्विचग्रास मध्यम सहनशील आहे आणि त्याच्या वाणावाणांत फरक मोठा आहे. दलदलीचा धोका असेल तिथे अलामो किंवा कॅनलोसारखे सखल प्रदेशातील वाण आधी विचारात घ्यावेत. त्याहून खाऱ्या आणि ओल्या जागेसाठी प्रेअरी कॉर्डग्रास अधिक योग्य आहे, तर क्षारयुक्त-चोपण जमिनीसाठी करनाल गवत परिचित आहे. या दोन्ही गवतांच्या पानांवर क्षारग्रंथी असतात आणि त्या जादा क्षार बाहेर टाकतात. पानांवर चमकणारे पांढरे कण दिसले म्हणून बुरशीनाशक फवारण्याची गरज नाही. मिस्कँथसला ही सोय नाही. अरुंडो, म्हणजे जायंट रीड, खाऱ्या जमिनीत चांगले वाढते, पण ओढ्याकाठी पसरून ते आवरेनासे होते, म्हणून निचऱ्याच्या चरांजवळ मी ते सुचवणार नाही.

खाऱ्या जमिनीतून आलेल्या काडाचा आणखी एक प्रश्न बॉयलरपाशी उभा राहतो. त्यात क्लोरीन आणि सोडियम जास्त असते, त्यामुळे राख कमी तापमानाला वितळून नळ्यांवर चिकटते आणि धातू गंजतो. काड जाळण्यासाठी असेल तर कापणी पाने वाळेपर्यंत लांबवावी. उभ्या काडातील पोटॅशियम आणि क्लोराइड पावसाने बरेच धुऊन निघते, मात्र पाने गळून काही उत्पादन घटते. पोटॅश द्यायचेच असेल तर म्युरेटऐवजी (पोटॅशियम क्लोराइडऐवजी) सल्फेट वापरावे, म्हणजे क्लोराइडची भर पडत नाही.

सुधारणा केलेल्या जागांवर खुणेच्या खुंट्या ठोकून दरवर्षी त्याच कोरड्या काळात, त्याच चार थरांचे नमुने, त्याच पद्धतीने तपासावेत. ६० ते ९० सेंटीमीटर थराचा आकडा लागोपाठ दोन वर्षे चढला, तर पाने अजून हिरवी असली तरी पुढच्या हंगामात धुण्याचे पाणी वाढवावे. आणि तो आकडा स्थिर असताना वरच्या थराचा आकडा चढत असेल, तर आधी पाइपमधील पाण्याची पातळी पाहावी.